समुद्राच्या गाळात तेलाचा प्लॅटफॉर्म कसा उभा राहतो?

प्रश्न : आमच्याकडे काळ्या रानात घर बांधलं की दोन-चार उन्हाळ्यांत भिंतींना तडे जातात. कोरड्या जमिनीवर ही गत, तर मुंबई हायचे अवजड प्लॅटफॉर्म समुद्रतळाच्या गाळात खचत कसे नाहीत?
– एक वाचक, शेवगाव

उत्तर : काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पायाखालची माती दरवर्षी अशी वरखाली झाली, की भिंत तडकते. समुद्रतळाची माती मात्र बाराही महिने भिजलेली असते, त्यामुळे तिथे हा त्रास नाही. तिथली अडचण वेगळी आहे. वरचा थर बहुधा मऊ असतो आणि लाटांचा मारा कधी थांबत नाही.

मुंबई हाय हे क्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, ७५-८० मीटर खोल पाण्यात आहे. १९७४ साली 'सागर सम्राट'ने तिथे तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. 'सागर सम्राट' ही पाय खाली सोडून उभी राहणारी रिग. अशी रिग कामाला लागण्याआधी मातीची परीक्षा घेते. टाक्यांत समुद्राचे पाणी भरून पायांवर मुद्दाम जादा भार टाकतात, पाय रुतायचे तेवढे रुतू देतात आणि मग पाणी सोडून देतात. वर कडक पापुद्रा आणि खाली मऊ चिखल असेल, तर पाय एकाएकी आत घुसून रिग कलंडू शकते. हा धोका आधीच कळावा, म्हणून एवढा खटाटोप.

कायमच्या प्लॅटफॉर्मची रीत निराळी. किनाऱ्यावर बांधलेला पोलादी सांगाडा बार्जवरून नेऊन तळावर उभा करतात. त्याला 'जॅकेट' म्हणतात. मग त्याच्या पायांतून किंवा पायांलगतच्या नळ्यांतून पोलादी पाइल प्रचंड हातोड्याने ठोकतात. हे पोकळ पाइल साधारण एक ते दोन मीटर व्यासाचे असतात आणि तळाखाली अनेकदा ५० ते १०० मीटर जातात. प्लॅटफॉर्मचा भार मुख्यतः पाइलच्या बाजूंना मातीची जी पकड बसते, तिच्यावर तोललेला असतो. वादळात लाट एका बाजूने रेटते, तेव्हा पलीकडचे पाइल खाली दाबले जातात आणि अलीकडचे वर उपटले जाऊ पाहतात. उपटणाऱ्या ओढीला पाइलचे टोक काही करू शकत नाही. तिथे बाजूची पकडच कामी येते.

ही पकड मातीच्या जातीवर ठरते. चिकणमातीत पाइल ठोकताना आतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि माती तात्पुरती ढिली पडते. पुढच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो दाब ओसरतो आणि पकड घट्ट होते. म्हणून ठोकणे मध्येच बंद पडले, तर तोच पाइल पुन्हा हलवायला फार जोर लागतो.

वाळूचे प्रकरण अधिक फसवे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता, म्हणजे मुंबई हायची जागा तेव्हा पाण्याबाहेर होती. आज आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ नद्यांचा गाळ सापडतो, तर दूरच्या खोल भागात, समुद्र खाली असतानाच्या काळात साचलेली शंखशिंपल्यांची चुनखडीयुक्त वाळू. तिचा कण ठिसूळ, बऱ्याचदा पोकळ. पाइल आत शिरताना तो चुरडतो आणि वाळू पाइलला आवळून धरत नाही. १९८२ साली ऑस्ट्रेलियाच्या नॉर्थ रँकिन प्लॅटफॉर्मवर एक पाइल अशा वाळूत केवळ स्वतःच्या वजनाने सुमारे ६० मीटर खाली गेला. त्या पायाची पुढे खर्चिक दुरुस्ती करावी लागली. अशा जागी आता भोक पाडून त्यात पाइल बसवतात आणि भोवती सिमेंटचे ग्राउट भरतात.

एवढे करूनही समुद्र उसंत देत नाही. पाइल लाटांबरोबर इकडेतिकडे हलत राहिला की वरच्या काही मीटरांतली माती मळली जाते, पाइलभोवती फट पडते. प्रवाह वाळू खरवडून खड्डे करतात. म्हणून वरच्या थरावर फारशी भिस्त ठेवत नाहीत आणि तळालगत पाइलचे पोलाद जाड ठेवतात.

तुमच्या मातीचाही समुद्राशी संबंध आहे. दख्खनच्या काळ्या खडकापासून झालेली फुगणारी माती गोदावरी युगानुयुगे बंगालच्या उपसागरात नेत आली आहे. कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रातील मऊ चिकणमातीत तिचा मोठा वाटा आहे.

आता तुमच्या घराविषयी. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी 'अंडर-रीम्ड पाइल' विकसित केला. जमिनीत भोक घेऊन भरलेला हा काँक्रीटचा खांब तळाशी फुगीर असतो. साधारण साडेतीन मीटर खाली, जिथे ऋतूंचा फरक फारसा पोहोचत नाही, तिथे तो टेकवतात. वर फुगणारी माती त्याला उचलू पाहते, तेव्हा खालचा फुगवटा त्याला धरून ठेवतो. वरचा अस्थिर थर ओलांडून खालच्या भरवशाच्या मातीला धरायचे, हे तत्त्व समुद्रातही तेच आहे. मात्र हा भरवशाचा थर किती खोल आहे, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. समुद्रात पाइलची लांबी ठरवण्याआधी त्या जागी बोअर घेऊन मातीचे नमुने तपासतात. तुम्हीही पाया खणण्याआधी आपल्या जागेची माती प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि तो अहवाल इंजिनिअरपुढे ठेवूनच पाया ठरवा.