संगणकाच्या स्मृतींतील रिकामीं घरें

चौकटींच्या वहींत आपण एकेका चौकटींत एकेक अंक लिहितों. चार अंकी संख्या ओळीच्या शेवटल्या चौकटीपासून आरंभिली, तर तिचा एक अंक वरच्या ओळींत राहतो व तीन खालीं उतरतात. वाचणाऱ्यास दोन ओळी चाळाव्या लागतात. संगणकाच्या स्मृतीची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. तेथील प्रत्येक घरास बाइट म्हणतात व त्यास अनुक्रमांक असतो. चार बाइटांची संख्या चारानें निःशेष भाग जाणाऱ्या घरापासून सुरू व्हावी, अशी सामान्यतः यंत्राची अपेक्षा असते. या शिस्तीस अलाइनमेंट असें नांव आहे.

शिस्त मोडल्यास काय होतें, हें यंत्रावर अवलंबून आहे. सी ही भाषा डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत रचिली. ती ज्या पीडीपी-११ यंत्रावर वाढली, तें विषम क्रमांकाच्या घरापासून दोन बाइटांचा शब्द मागितल्यास काम थांबवून तक्रार करी. इंटेल जातीचीं यंत्रें बहुधा मुकाट्यानें काम उरकतात. आम्हांस विचाराल, तर तक्रार करणारें यंत्रच बरें. मुक्या यंत्रावर चूक वर्षानुवर्षें झांकून राहते.

आतां एक नोंद घेऊं. तींत क्रमानें तुकडीचें अक्षर (१ बाइट), हजेरीचा क्रमांक (४ बाइट) व श्रेणीचें अक्षर (१ बाइट) आहे. बेरीज ६, परंतु साइझऑफ या शब्दानें विचारल्यास उत्तर १२ येतें! अक्षर शून्याव्या घरांत बसतें, पुढील तीन घरें रिकामीं सोडून क्रमांक ४ पासून ७ पर्यंत बसतो, आणि श्रेणी ८ मध्यें. मग शेवटीं आणखी तीन घरें रिकामीं कां? येथें विद्यार्थी हटकून अडखळतात. नोंदी एकामागें एक मांडावयाच्या असतात. पहिली नोंद ९ घरांत संपविली, तर दुसरीचा क्रमांक १३ व्या घरावर येईल. १३ ला चारानें भाग जात नाहीं. क्रमांक आधीं लिहून दोन्ही अक्षरें मागाहून लिहिलीं, तर तीच नोंद ८ बाइटांत मावते. हा फेरबदल कंपायलर आपण होऊन करीत नाहीं. लिहिलेला क्रम पाळणें भाषेनें त्यास बंधनकारक केलें आहे.

आमच्याच हातून घडलेली चूक सांगतों. वर्गाची यादी आम्ही १२ बाइटांच्या नोंदींनीं फाइलींत जशीच्या तशी ओतली. वाचणाऱ्या प्रोग्रॅमांत मात्र रिकामीं घरें गाळण्याची आज्ञा राहिली होती. तो नोंद ६ बाइटांची समजला. परिणामीं १७ व्या क्रमांकाच्या मुलाचा क्रमांक २८,५२,१२,६७२ झाला व श्रेणी कोरी निघाली! आमच्या यंत्रांत संख्येचा लहान बाइट आधीं असतो. तीन रिकाम्या घरांतील शून्यें त्या जागीं शिरलीं व १७ सर्वांत वरच्या स्थानीं गेला, म्हणजे २५६ नें तीनदां गुणिला गेला. तेथें शून्यें होतीं हेंहि नशीब, कारण भाषा तशी हमी देत नाहीं. आंकडा इतका अवाढव्य नसता, तर ती यादी तशीच पालकांच्या हातीं पडती.

तेव्हांपासून आम्ही प्रत्येक घटक ठरलेल्या क्रमानें व ठरलेल्या बाइटांत निरनिराळा लिहितों. वाचतांना बाइटांच्या राशीच्या मध्येंच संख्येचा पॉइंटर रोखीत नाहीं. मेमकॉपीनें चार बाइट उचलून खऱ्या संख्येच्या जागेंत ठेवितों.

मोठ्या कारागिरांनाहि हा हिशेब चुकत नाहीं. इथरनेटच्या संदेशाचा मथळा १४ बाइटांचा असतो, म्हणून त्यामागून येणारा आयपीचा मथळा आडवा पडतो. लिनक्समध्यें अनेक यंत्रांवर आरंभींच दोन बाइट मोकळे सोडतात व तो १६ व्या घरावर आणितात.

वाचकांसाठीं एक नोंद ठेवितों: अक्षर, आठ बाइटांचा डबल, पुन्हां अक्षर, शेवटीं चार बाइटांचा इंट. ६४ बिटांच्या नेहमींच्या यंत्रावर ती २४ बाइट घेते. ती १६ मध्यें बसवून पाहावी.