पूर्वजाच्या गांवाचा शोध

इ. स. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारें ४० लक्ष इटालियन लोक अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जाऊन उतरले. त्यांतील बहुतेक दक्षिण इटलींतील व सिसिली बेटांतील गरीब शेतकरी व मजूर होते. त्यांचे नातू-पणतू आज आपल्या घराण्याचें मूळ गांव शोधीत असतात. ही केवळ हौस आहे असें कोणी समजूं नये. इटलीच्या कायद्याप्रमाणें नागरिकत्व वंशपरंपरेनें चालतें. २०२५ सालीं हा नियम बराच कडक करण्यांत आला, व परदेशीं जन्मलेल्यास आतां सामान्यतः आईबाप किंवा आजा-आजी यांच्यापलीकडे जातां येत नाहीं. त्यापूर्वीं आजोबांनीं अमेरिकन नागरिकत्वाची शपथ आपल्या मुलाच्या जन्मापूर्वीं घेतली कीं नंतर, या तारखेवर हक्क पुष्कळसा अवलंबून राहत असे. बाबेलच्या बंदिवासांतून परतलेल्या ज्या याजकांस आपली वंशावळ सांपडली नाहीं, त्यांस याजकपण गमवावें लागलें, हें एज्राच्या दुसऱ्या अध्यायांत विद्यार्थ्यांनीं वाचलेंच असेल. नोंदवहीचें महत्त्व तेव्हांपासूनचें आहे.

शोधाची पहिली पायरी इटलींत नसून अमेरिकेंत आहे. “आम्ही नेपल्सचे,” असें घरांतील वृद्ध सांगतात. परंतु पुष्कळदां नेपल्स हें आजोबा ज्या बंदरांतून जहाजावर चढले त्याचें नांव असतें, आणि गांव तेथून दूर डोंगरांत कोठें तरी असतें. गायक फ्रँक सिनात्रा याचा बाप सिसिलींतील कातानियाचा, असें कित्येक लिखाणांत येत असे. जुन्या नोंदी मात्र पालेर्मो प्रांतांतील लेर्कारा फ्रिद्दी हें गांव दाखवितात. गांवाचें नांव नक्की कळल्यावांचून इटलीचीं दप्तरें उघडून उपयोग नाहीं, कारण तीं गांववार ठेवलेलीं आहेत.

तें नांव मिळण्याचीं मुख्य ठिकाणें दोन. जहाजावरील उतारूंच्या याद्या हें एक. १९०६-०७ नंतरच्या याद्यांत जन्मस्थान व मायदेशांतील जवळच्या नातेवाइकाचें नांव-पत्ता लिहिलेला असतो. दुसरें, नागरिकत्वाचे अर्ज. १९०६ च्या कायद्यापासून त्यांतहि जन्मस्थान व जन्मतारीख येऊं लागली.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. १८९२ सालीं उघडलेल्या एलिस बेटावर सरकारी कारकुनांनीं लोकांचीं नांवें बदलून टाकिलीं, असें सर्रास सांगितलें जातें. तें खरें नव्हे. याद्या निघण्याच्या बंदरांत आगबोट कंपनीचेच कारकून तयार करीत. एलिस बेटावर त्या केवळ पडताळून पाहात, व तेथें इटालियन जाणणारे दुभाषी असत. पुढें न्यूयॉर्कचा महापौर झालेला फियोरेल्लो ला ग्वार्दिया हा १९०७ ते १९१० या काळांत तेथें दुभाषीच होता. जुझेप्पेचा जोसेफ झाला तो पुढें. कोणी स्वतः केला, कोणी मुकादमानें, कोणी शाळेंत. (या शेवटच्या अपराधांत आम्हां शिक्षकांचा वाटा मोठा असावा असें वाटतें.)

गांव सांपडल्यावर वाट सोपी होते. ट्रेंटच्या धर्मसभेनें १५६३ सालीं प्रत्येक धर्मग्रामांत बाप्तिस्मा व विवाह यांच्या वह्या ठेवण्याचा नियम केला. सरकारी नोंदी दक्षिणेंत १८०९ पासून, सिसिलींत १८२० पासून व बहुतेक सर्व इटलींत १८६६ पासून आहेत. त्यांच्या दोन प्रती होत. एक गांवच्या कचेरींत राही व दुसरी न्यायालयाकडे जाई. अशा लक्षावधि पानांचीं चित्रें इटलीच्या राज्य-दप्तरखान्यांनीं ‘आन्तेनाती’, म्हणजे ‘पूर्वज’, या नांवानें सर्वांस विनामूल्य पाहाण्यास ठेविलीं आहेत.

तरीहि घाई करणारा फसतो. दक्षिणेंत पहिल्या मुलास आजोबाचें नांव देण्याची रीत होती. म्हणून चार भावांच्या चार वडील मुलांचें नांव-आडनांव एकच! नुसत्या नांवावर विसंबलें तर भलत्याच घराण्याचा वृक्ष काढला जातो. तेव्हां बापाचें नांव व आईचें माहेरचें आडनांव पाहावें. इटालियन दप्तरांत स्त्रीचें माहेरचें आडनांव लग्नानंतरहि कायम राहातें, ही मोठी सोय आहे. बापाच्या नांवामागें ‘दी’ असेल तर तो तेव्हां जिवंत होता. ‘फू’ असेल तर वारलेला. अशा एका अक्षरावरून पणजोबाच्या मृत्यूचा काळ ठरवितां येतो. विवाहाच्या नोंदीस जोडलेल्या कागदांत तर वधूवरांचे जन्मदाखले, आणि बाप वारला असल्यास कधीं कधीं आजोबाचा मृत्युदाखलाहि सांपडतो. तीन पिढ्या एका पुडक्यांत!

सर्वांत बोलका भाग जन्मनोंदीच्या तळाशीं असतो. बाप मूल घेऊन कचेरींत येई. त्याचें वय, धंदा, राहाण्याची गल्ली, दोन साक्षीदार, सर्व अक्षरीं लिहून कारकून तें वाचून दाखवी व सही करी. बापाच्या सहीच्या जागीं बहुधा एवढेंच लिहिलेलें आढळतें, कीं त्यास लिहितां येत नसल्यामुळें त्यानें सही केलेली नाहीं.