लाळ्या-खुरकुताची पहिली खबर दूध संस्थेतून मिळावी

दसरा झाला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना हंगामाचे वेध लागतात आणि दिवाळीच्या मागेपुढे मराठवाड्यातून, नगरकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागलच्या शिवारांत उतरतात. ट्रॅक्टर वाढले, तोडणीची यंत्रं आली, तरी बैलगाडीनं ऊस वाहणाऱ्या टोळ्या आजही येतात. त्यांच्याबरोबर चार-पाच जिल्ह्यांच्या वाटा तुडवलेले, वाटेत ठिकठिकाणी पाणी प्यालेले बैल येतात. त्याच सुमारास पहाटेचा गारठा आणि दव सुरू होतं. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूला अशी थंड, ओलसर हवा मानवते. या रोगाविरुद्ध सरकारी लस आहे, ती दर सहा महिन्यांनी मोफत टोचली जाते आणि ती टोचून घ्यायलाच हवी, याबद्दल वाद नाही. पण लसीकरणाची फेरी झाली म्हणजे गावाचं काम संपलं, असं समजण्यात धोका आहे. रोग गावात शिरला हे किती लवकर कळतं, यावर नुकसान किती होणार ते ठरतं. ते लवकर कळण्याचं साधन कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावी आहे: सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घेणारी दूध संस्था. आपण अजून तिच्याकडे त्या नजरेनं पाहिलेलं नाही.

यामागचं कारण विषाणूच्या वागण्यात आहे. जनावराच्या अंगात तो शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुतेक वेळा तीन ते पाच दिवस जातात, कधी चौदापर्यंतही. पण लाळ गळायला लागण्याच्या, जिभेवर फोड येण्याच्या आधीच विषाणू दुधातून, श्वासातून आणि लाळेतून बाहेर पडू लागतो. दुधात तर तो फोड दिसण्यापूर्वी चार दिवसांपर्यंत सापडल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे ज्या सकाळी मालकाच्या लक्षात येतं की म्हैस वैरणीला तोंड लावत नाही, ओठांवरून फेसाळ तार लोंबते आहे आणि ती एक पाय झटकते आहे, त्या सकाळपर्यंत तिचं दूध कित्येक वेळा संस्थेत गेलेलं असतं. त्याच किटलीनं, त्याच पायताणांनी घरच्या माणसानं संस्थेच्या दारात शेजारच्या दहा जणांबरोबर रांग लावलेली असते. धार काढणारे तेच हात वासरालाही लागलेले असतात. लक्षणांची वाट पाहायची ठरवली, तर आपण या रोगाच्या चार दिवस मागेच राहणार.

मग लक्षणांच्या आधी काय दिसतं? ताप चढतो आणि दूध घटतं. मोठा गोठा असेल तर मालकाला हे लगेच जाणवतं. पण दोन-तीन जनावरांच्या घरात एका वेळेला लिटरभर दूध कमी आलं, तर आज वैरण हलकी पडली, ऊन जास्त झालं, म्हैस माजावर असेल, असं म्हणून विषय संपतो. आणि बऱ्याचदा कारण तसंच असतं. एका घराच्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही. संस्थेच्या सचिवासमोर मात्र सगळ्या गावाचे आकडे एका पानावर असतात. एकाच गल्लीतल्या किंवा एकाच पाणवठ्यावर जनावरं नेणाऱ्या तीन-चार घरांचं दूध दोन वेळा लागोपाठ पाव हिश्शानं उतरलं, तर ते माजानं किंवा वैरणीनं होण्याचा संभव कमी. कासदाह एका गोठ्यात होतो, तो गल्लीभर एका दिवशी होत नाही. अशा वेळी सचिवानं त्या घरांना एवढंच विचारायचं: जनावरांचा ताप पाहिला का, तोंड उघडून पाहिलं का? आज बहुतेक संस्थांत दूध संगणकावर नोंदलं जातं, त्यामुळे ही तुलना पाच मिनिटांचं काम आहे.

ही कल्पना हवेतली नाही. एकत्रित दुधातून लाळ्या-खुरकूत शोधण्यावर गेल्या काही वर्षांत परदेशात संशोधन झालं आहे. इंग्लंडमधल्या पिरब्राइट संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केनियातल्या नाकुरू भागात लहान शेतकऱ्यांचं दूध जिथं एकत्र होतं, तिथले नमुने तपासले. रोगाच्या तक्रारी फारशा आलेल्या नसतानाही त्या दुधात विषाणूचे जनुकीय अंश सापडले. तिथली रचना आपल्यासारखीच आहे. एक-दोन गाई, थोडं थोडं दूध आणि गावात एक संकलन केंद्र. अशी चाचणी रोज, गावोगावी करणं आज परवडणारं नाही. पण जिल्ह्यात कुठे संशय आला, तर त्या परिसरातल्या संस्थांच्या दुधाचे नमुने तपासून रोग किती पसरला आहे हे घरोघरी न फिरता कळू शकतं. ज्या जिल्ह्यात गोकुळ आणि वारणेसारखे दूध संघ आहेत, तिथं पशुसंवर्धन खात्यानं आणि संघांनी मिळून हा प्रयोग हाती घ्यायला हवा. तोपर्यंत दुधाच्या आकड्याकडे डोळसपणे पाहायला एक पैसाही लागत नाही.

यावर पहिला आक्षेप दूध संस्थेतूनच येईल, आणि तो खोटा नाही. रोग आहे असं कळवलं तर आमचं दूध बंद होईल, गावाचं नाव खराब होईल, बाजारात जनावराला गिऱ्हाईक मिळणार नाही. या भीतीनं माहिती दडवली जाते, हे मान्य करूनच पुढं बोललं पाहिजे. लाळ्या-खुरकूत हा माणसाच्या आरोग्याला धोका देणारा रोग समजला जात नाही, हे आधी स्पष्ट असू द्या. दूध घेण्याची व्यवस्था बदलावी लागेल ती जनावरांसाठी. बाधित घराचं दूध वेगळ्या भांड्यात, शेवटी आणि संस्थेच्या आवाराबाहेर घ्यावं, किटल्या धुऊन परत द्याव्यात. वासरा-रेडकाला बाधित आईचं दूध उकळूनच पाजावं, कारण लहान जनावरात हा विषाणू थेट हृदयाच्या स्नायूवर घाला घालतो आणि तोंडात एकही फोड नसताना वासरू अचानक दगावतं. दुसरं असं की दडवून दूध वाचत नाही. फोड आल्यावर ते आठवड्याभरात निम्म्याच्या खाली येतं आणि पुष्कळ जनावरं त्या वेतात पहिल्या पातळीवर परत येत नाहीत. पुढं गाभण न राहणं, उन्हात धापा टाकणं, कायमचा लंगडेपणा मागे राहतो. देशाचं या रोगानं होणारं नुकसान वर्षाला २० हजार कोटी रुपयांच्या घरात असल्याचा अंदाज सरकारी पातळीवर सांगितला जातो. त्यातला मोठा वाटा मेलेल्या जनावरांचा नाही. तो जगलेल्या जनावरांनी न दिलेल्या दुधाचा आहे. शिवाय २००९च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानं असा रोग कळवणं मालकाचं कर्तव्यच ठरवलं आहे.

दुसरा आक्षेप गोठ्यागोठ्यात ऐकू येतो: लस टोचली तरी रोग आलाच, मग टोचायची कशाला? याचं उत्तर लसीच्या आणि विषाणूच्या स्वभावात शोधावं लागतं. जगात या विषाणूचे सात प्रकार नोंदले गेले. भारतात सध्या त्यातले ‘ओ’, ‘ए’ आणि ‘एशिया-१’ हे तीन आढळतात, आणि आपल्या लसीत हे तिन्ही असतात. बहुतांश साथी ‘ओ’ प्रकाराच्या असतात. २०१३मध्ये शेजारच्या कर्नाटकासह दक्षिणेत जी मोठी साथ उसळली, तीही ‘ओ’चीच होती. देवीच्या किंवा बुळकांडीच्या लसीसारखी दीर्घ प्रतिकारशक्ती या लसीनं येत नाही. ती सहा महिन्यांतच ओसरते. बुळकांडी देशातून गेली, कारण तिचा प्रकार एकच होता आणि लस दीर्घकाळ टिकणारी होती. इथं दोन्ही सोयी नाहीत. त्यात पहिल्यांदा लस टोचलेल्या वासराला महिन्याभरानं दुसरी मात्रा दिली नाही, तर त्याची ढाल अर्धवटच राहते. लस २ ते ८ अंशांत ठेवली गेली नाही किंवा बर्फात गोठली, तर ती टोचूनही न टोचल्यासारखीच. आणि रोग अंगात मुरत असताना टोचलेली लस तो थांबवू शकत नाही. ‘लस टोचली तरी रोग आला’ असं वाटणाऱ्या प्रसंगांमागे यातलं एखादं कारण बऱ्याचदा निघतं. लसीवरचा विश्वास सोडण्याऐवजी लसवाहक डब्यात बर्फाची पाकिटं आहेत का आणि पिल्लांची दुसरी मात्रा झाली का, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

याच कारणानं लसीची तारीख हंगामाशी जुळवावी लागते. टोचल्यापासून पुरेशी प्रतिकारशक्ती यायला साधारण दोन आठवडे लागतात. टोळ्या गावात आल्यावर लस टोचायला घेतली, तर नेमके ते धोक्याचे दोन आठवडे उघडे राहतात. म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात फेरी पुरी व्हायला हवी आणि त्याआधी दोन-तीन आठवडे जंतनाशक द्यावं. लसीनं दूध कमी होतं, अशी तक्रार असते. एक-दोन दिवस ताप आणि थोडी घट होते, ती भरून येते. आठव्या-नवव्या महिन्यातल्या गाभण जनावराला टोचायचं का, हे आपल्या पशुवैद्यकाला विचारून ठरवावं, कारण तिथं औषधापेक्षा धरपकडीचा ताण जास्त घातक ठरतो. कळपातल्या दर दहांपैकी आठ जनावरांत चांगली प्रतिकारशक्ती असेल, तरच रोगाची साखळी तुटते, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे गावातल्या दोन-चार घरांनी दार लावून घेतलं, तर त्याची किंमत सगळं गाव मोजतं. शेळ्या-मेंढ्याही यात आल्या. त्यांच्यात लक्षणं इतकी सौम्य असतात की पुष्कळदा दिसतही नाहीत, आणि खतासाठी शेतात बसवलेला कळप रोग पुढच्या गावाला घेऊन जाऊ शकतो.

टोळ्यांच्या बैलांबद्दल एक गोष्ट नीट बोलली जात नाही. रोग टोळ्या आणतात, असं सहज म्हटलं जातं. पण टोळीचा बैल लसीकरणाच्या वेळी त्याच्या स्वतःच्या गावात नसतो आणि इथल्या फेरीच्या वेळी रस्त्यावर असतो, यात त्याच्या मालकाचा दोष नाही. कारखान्यानं करार करतानाच बैलांच्या कानातला १२ अंकी बिल्ला आणि लसीची नोंद पाहावी, आणि नोंद नसलेल्यांना गट कार्यालयातच लस टोचण्याची सोय पशुसंवर्धन खात्याकडून करून घ्यावी. मजुराचंही यात भलंच आहे, कारण त्याच्या बैलाचे खूर गेले तर त्याची उचल फिटायचीही बोंब होते. आपल्या बाजूनं सांभाळायचं ते वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. तोडीच्या फडातून वाढ्याच्या पेंढ्या विकत आणून रोज गव्हाणीत टाकणं ही इथली हंगामी रीत आहे. ज्या ढिगाजवळ टोळीचे बैल बांधलेले असतात, ज्यावर त्यांची लाळ पडते, तिथल्या पेंढ्या थेट जनावरांपुढं येतात. थंड, ओलसर चाऱ्यावर विषाणू आठवडेच्या आठवडे टिकू शकतो. वाढं बैलांच्या तळापासून दूरच्या फडातून, तोडल्या-तोडल्या उचलावं. टोळीत एखादा बैल लाळ गाळताना दिसला, तर त्या फडाचं वाढं आणूच नये. ओढ्याच्या एकाच डोहात दोन्हीकडची जनावरं पाजू नयेत.

संशय आल्यावर काय करायचं, यात दोन चुका वारंवार होतात. एक म्हणजे गोठ्यात फिनेल शिंपडलं की निर्धास्त होणं. फिनेलचा वास येतो, पण या विषाणूला त्यानं फारसं काही होत नाही. तो आम्लात किंवा तीव्र अल्कलीत मरतो. म्हणून शेण-मूत खरवडून काढावं, मग १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून जमीन, गव्हाण, दावणीच्या साखळ्या, किटल्या धुवाव्यात आणि भांडी नंतर साध्या पाण्यानं धुवावीत. इथं खाण्याचा सोडा चालत नाही, त्याची तीव्रता कमी पडते. दाराशी याच द्रावणात भिजवलेलं पोतं टाकावं. दुसरी चूक अशी की तोंडाला औषध लावलं म्हणजे रोगावर इलाज झाला, असं समजणं. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यानं तोंड धुणं, बोरोग्लिसरीन, किंवा मेथी-जिरं-हळद-लसूण-गुळाचा लेप यांनी जखम सुकते, जनावर लवकर खाऊ लागतं. हे जरूर करावं. पण तेवढ्यानं विषाणू बाहेर पडायचा थांबत नाही. तोंडातली जखम भरली तरी जनावर आणखी काही आठवडे वेगळंच ठेवावं. बऱ्या झालेल्या काही गाई-म्हशींच्या घशात विषाणू महिनोन्‌महिने राहतो. त्यांच्यापासून रोग किती पसरतो, याबद्दल शास्त्रज्ञांत एकमत नसलं, तरी असं जनावर लगेच बाजारात नेणं धोक्याचंच.

निदानासाठी पशुवैद्यक नमुना घेतात. तो जुन्या, कोरड्या जखमेचा असला तर उपयोगाचा नसतो. न फुटलेल्या किंवा नुकत्याच फुटलेल्या फोडाची साल आणि द्रव लागतो आणि तो पेटीत बर्फावर ठेवून न्यावा लागतो. म्हणून पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या क्रमांकावर फोन पहिल्या दिवशीच जायला हवा, तोंडात मिठाचं पाणी चोळून चार दिवस गेल्यावर नव्हे. असे नमुने पुण्याच्या औंधमधल्या रोग अन्वेषण विभागापर्यंत पोहोचले, तरच कोणता प्रकार फिरतो आहे आणि लस त्याला पुरी पडते का, हे कळतं. मूळची मुक्तेश्वरची आणि आता भुवनेश्वरजवळ अरुगुळला गेलेली लाळ्या-खुरकुतावरची राष्ट्रीय संस्था देशभरचे नमुने मिळवूनच हे पाहते. तिथं विकसित झालेल्या चाचणीतून रक्तातली प्रतिद्रव्यं लसीची आहेत की खऱ्या रोगाची, हे वेगळं ओळखता येतं. रोगमुक्त करायच्या नऊ राज्यांत केंद्रानं महाराष्ट्राला धरलं आहे, आणि कुठल्याही भागाला तसं जाहीर करताना या चाचणीचाच आधार घ्यावा लागणार.

दिवाळीच्या सुमाराला वडगावच्या बाजारातून किंवा हरियाणातून मुऱ्हा म्हैस आणायची असेल, तर कानातला बिल्ला आणि त्याच्या क्रमांकावर नोंदलेली शेवटच्या लसीची तारीख पाहूनच विसार द्यावा. बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री राज्यात जून २०२४पासून बंद आहेच. घरी आणल्यावर तीन आठवडे तिला वेगळ्या छपरात बांधावं, तिची धार सगळ्यांत शेवटी काढावी, आणि त्या काळात तिचं दूध संस्थेत वेगळ्या किटलीत न्यावं, म्हणजे घट झाली तर ती कुठून आली हे सचिवाला पहिल्याच वेळेला सांगता येईल.