शेलची नोटीस: रूमपुरती की अख्ख्या हॉस्टेलला?

लॅबमध्ये ज्युनियर्स नेहमी विचारतात, "काल एलिअस केला होता, आज गेला कुठे?" टर्मिनल बंद झालं की शेल तो विसरतो. लक्षात राहायला हवा असेल तर फाइलीत लिहावा लागतो. पण कुठल्या फाइलीत? माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा सांभाळून घ्या, पण सांगते.

हॉस्टेलचा नोटीस बोर्ड सगळ्यांना लागू असतो, रूमच्या भिंतीवरचं टाइमटेबल फक्त तुमचं. लिनक्समध्ये बोर्ड म्हणजे 'ईटीसी' डिरेक्टरीतली 'प्रोफाइल' फाइल. ती फक्त रूट बदलू शकतो. तुमची भिंत म्हणजे होम डिरेक्टरीतल्या 'डॉट बॅश प्रोफाइल' आणि 'डॉट बॅशआरसी'. नावाआधी टिंब असल्यामुळे त्या नुसत्या 'एलएस'ने दिसत नाहीत, 'एलएस मायनस ए' द्यावं लागतं.

बॅश हा शेल १९८९ साली ब्रायन फॉक्सने ग्नू प्रोजेक्टसाठी आणला. त्याचा क्रम पाठ करा. लॉगिन शेल, म्हणजे एसएसएचने आत आलात की, आधी 'ईटीसी'तली 'प्रोफाइल' वाचतो. मग होममधल्या 'डॉट बॅश प्रोफाइल', 'डॉट बॅश लॉगिन', 'डॉट प्रोफाइल' यांपैकी जी पहिली सापडेल तेवढीच. पण डेस्कटॉपवर टर्मिनलची खिडकी उघडली की बहुतेक वेळा फक्त 'बॅशआरसी' वाचली जाते. म्हणून एलिअस 'बॅशआरसी'त ठेवा आणि 'बॅश प्रोफाइल'मधून तिला 'सोर्स' करा. दोन्हीकडे चालेल.

आता गंभीर मुद्दा. सबमिशनच्या आदल्या दिवशी एका सर्व्हरवर कुणीतरी सगळ्यांच्या 'प्रोफाइल'मध्ये नवीन पाथ टाकला, पण जुना जोडलाच नाही. मग काय, जो लॉगिन करेल त्याला 'एलएस'लासुद्धा 'कमांड नॉट फाउंड'! प्रोग्रॅम जागच्या जागी होते, फक्त शेलला पत्ता माहीत नव्हता. अशा वेळी 'बिन'सकट पूर्ण पत्ता टाइप केला की 'एलएस' चालतं, आणि 'सीडी', 'एको' तर शेलच्या पोटातच असतात. घाबरायचं नाही.

तरी काळजी घ्या. पाथमध्ये भर घालताना आधी जुना पाथ, मग कोलन, मग नवीन डिरेक्टरी. पाथच्या सुरुवातीला नुसतं टिंब कधीच नको, कारण कुणी 'टेम्प' डिरेक्टरीत 'एलएस' नावाची खोटी फाइल ठेवली, तर तिथे गेल्यावर तुम्ही तीच चालवाल.

सगळ्यांची फाइल बदलायची असेल तर आधी तिची कॉपी काढा, 'बॅश मायनस एन'ने सिंटॅक्स तपासा आणि चालू टर्मिनल उघडंच ठेवून दुसऱ्यातून लॉगिन करून पाहा. शक्यतो मूळ फाइलला हातच लावू नका, 'प्रोफाइल डॉट डी' डिरेक्टरीत वेगळी छोटी फाइल करा. बिघडलं तर तेवढीच काढता येते.

आणि एखादी सोय फक्त तुम्हालाच हवी असेल, तर ती तुमच्या भिंतीवरच लिहा. बोर्ड सगळ्यांचा आहे.