कर्म, करुणा आणि समाजधारणा

‘करावे तसे भरावे’ ही म्हण प्रत्येक मराठी घरात ऐकू येते. शास्त्रकारांनी कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन प्रकार सांगितले आहेत. पूर्वजन्मांतून साठलेले ते संचित, त्यातून या जन्मी भोगास आलेले ते प्रारब्ध आणि आज आपल्या हातून घडते ते क्रियमाण. पहिली दोन आपल्या दृष्टीआड असतात; तिसरे मात्र सर्वस्वी आपल्या स्वाधीन असते.

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा उत्तरवाहिनी होते त्या तीरावर श्रीक्षेत्र मार्कंडा वसले आहे. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. पुराणकथेप्रमाणे मार्कंडेयाला अवघे सोळा वर्षांचे आयुष्य लाभले होते. यमपाश पडताच त्याने शिवलिंगाला मिठी मारली आणि भगवान शंकरांनी यमाला परतविले. प्रारब्ध हा अखेरचा शब्द नव्हे, त्याच्याही वर करुणा आहे, हाच या कथेचा बोध होय.

हा बोध समाजाला सहज पचला नाही. कुष्ठरोग हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानून रुग्णाला घराबाहेर, गावाबाहेर काढले जाई. १८९८ च्या कायद्याने तर निराधार रुग्णांना पकडून आश्रमात डांबण्याची मुभा दिली होती. वस्तुतः हा रोग जंतूमुळे होतो, हे नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी १८७३ मध्येच दाखवून दिले होते.

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथे वकिली करणारे मुरलीधर देवीदास तथा बाबा आमटे (१९१४-२००८) यांना एकदा भर पावसात रस्त्याकडेला पडलेला कुष्ठरुग्ण दिसला. प्रथम ते भयाने दूर पळाले. पुढे त्या भयाचीच लाज वाटून ते परतले आणि त्यांनी रुग्णाची शुश्रूषा केली. त्यांनी रुग्णाचे संचित तपासले नाही. स्वतःचे क्रियमाण तेवढे बदलले. कुष्ठोपचाराचे शिक्षण घेऊन १९५१ मध्ये त्यांनी पत्नी साधनाताई, दोन लहान मुले आणि सहा रुग्ण यांच्यासह वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर आनंदवन उभारले. पहिले काम होते विहीर खोदण्याचे.

आनंदवनात भिक्षेला स्थान नव्हते. रुग्णांच्या हाती काम देण्यात आले. त्यांनी पिकविलेली भाजी घ्यायला सुरुवातीला लोक धजावत नसत. पुढे १९६४ मध्ये याच रुग्णांच्या श्रमातून आनंदवनात महाविद्यालय उभे राहिले आणि परिसरातील मुले तेथे शिकू लागली. ज्यांना समाजाने दूर लोटले, त्यांनीच समाजाच्या लेकरांसाठी ज्ञानमंदिर उभारले! १९७३ मध्ये भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे माडिया गोंड बांधवांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे दवाखाना आणि शाळा चालविली.

करुणेचा हा प्रवाह पुढे कायद्यापर्यंतही पोहोचला. १८९८ चा तो कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि २०१९ मध्ये कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून वगळण्यात आले. धर्म म्हणजे समाजाची धारणा करणारे तत्त्व. दुर्बळाला बाहेर लोटून समाज टिकत नाही, तो त्याला सामावून घेऊन टिकतो.

आजही या वनप्रदेशात कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आढळतात. भाविकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हा रोग औषधाने पूर्ण बरा होतो. रुग्णाच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिन्यांचे औषध शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. औषध सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्गाचे भय लवकरच उरत नाही. त्वचेवर फिकट वा लालसर बधिर चट्टा दिसल्यास तो लपवू नये, त्वरित तपासणी करून घ्यावी. बोटे झडलेला माणूस बहुधा रोगमुक्त असतो. त्याची विकृती ही जुन्या, उपचाराविना गेलेल्या दिवसांची खूण असते.

मंदिराच्या पायरीवर असा हात पुढे आला, तर दात्याने नाणे दुरून टाकू नये, हातात द्यावे. शक्य असल्यास त्या हाताला उपचार आणि काम मिळेल, असे दान करावे. समोरच्याचे प्रारब्ध ईश्वर जाणे. आपले क्रियमाण मात्र त्याच क्षणी लिहिले जात असते.