जुनी फुटबॉल कार्डे घेताना

फुटबॉलपटूंची छापील कार्डे जमवण्याचा छंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रुजला. ब्रॅडफर्डच्या जॉन बेन्स यांची ढालीच्या आकाराची रंगीत कार्डे मुलांमध्ये लोकप्रिय होती. पुढे सिगारेटच्या पाकिटातून कार्डे येऊ लागली. पाकीट ताठ राही आणि संच पुरा करण्याच्या नादात गिऱ्हाईकही बांधले जाई. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली आणि १९४० मध्ये ही कार्डे बंद पडली. युद्धानंतर च्युइंगगमसोबतच्या कार्डांचा जमाना आला. इटलीत मोडेना शहरातल्या पनिनी बंधूंनी १९६१ मध्ये ‘काल्चातोरी’ ही मालिका काढली आणि चित्रे अल्बममध्ये चिकटवण्याची चाल पडली. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकाच्या अल्बमने ती जगभर नेली.

सिगारेटचे कार्ड, गमचे कार्ड आणि अल्बमचे चित्र यांचा कागद वेगळा, झीज वेगळी आणि त्यात होणारी लबाडीही वेगळी. हात पोळलेल्या संग्राहकांच्या अनुभवातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते. बहुतेकांनी खेळाडूचे नाव पाहून पैसे मोजलेले असतात, हातातला कागद मात्र पाहिलेला नसतो.

कोणते कार्ड?

दिग्गज खेळाडूची कार्डे शेकडो निघतात. मोठी किंमत येते ती त्याच्या पहिल्यावहिल्या कार्डाला, ज्याला या बाजारात ‘रूकी’ म्हणतात. पेलेचे सर्वांत नावाजलेले रूकी म्हणजे १९५८ च्या स्वीडिश ‘आलिफाबोलागेट’ मालिकेतले क्रमांक ६३५ चे कार्ड. त्या वर्षीचा विश्वचषक स्वीडनमध्येच झाला आणि सतरा वर्षांच्या पेलेने अंतिम सामन्यात दोन गोल केले. या कार्डाची एक उत्तम प्रत २०२२ मध्ये तेरा लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. मात्र पेलेची चित्रे त्या सुमारास इतर देशांतही छापली गेली आणि त्यांचे भाव अगदी निराळे आहेत. ‘पेलेचे १९५८ चे कार्ड’ एवढ्या वर्णनावर सौदा करणे म्हणजे फसगतीला आमंत्रण देणे. देश, प्रकाशक, वर्ष आणि क्रमांक या चारही गोष्टी जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

खेळाडूच्या कारकिर्दीची माहिती इथे कामी येते. मॅराडोनाचे प्रसिद्ध चित्र १९७९-८० च्या ‘काल्चातोरी’त क्रमांक ३१२ वर आहे. त्या वेळी तो इटलीत नव्हे, तर मायदेशी अर्जेंटिनोस ज्युनियर्सकडून खेळत होता. तरी ते चित्र अस्सल आहे. उलट १९७८ च्या विश्वचषक संघातून प्रशिक्षक मेनोत्ती यांनी त्याला वगळले होते. त्या स्पर्धेतला खेळाडू म्हणून त्याचे कार्ड कोणी पुढे केले, तर आधी शंका घ्यावी. विश्वचषकात तो पहिल्यांदा खेळला तो १९८२ मध्ये स्पेनमध्ये.

अस्सल की नक्कल?

फसवणुकीचे ठरलेले चार प्रकार आहेत. नव्याने छापलेली प्रत जुनी म्हणून खपवणे, झिजलेल्या कडा कातरून कोरे कार्ड भासवणे, उडालेल्या रंगावर शाई भरणे आणि अल्बममधून सोडवलेले चित्र न चिकटवलेले म्हणून विकणे.

पहिल्या प्रकारावर सराफाचे दहापट भिंग चांगले चालते. त्याखाली जुन्या ऑफसेट छपाईतला चेहरा रंगीत ठिपक्यांत विरघळतो. ठिपके नेमाने मांडलेले असतात आणि जागोजागी त्यांची बारीक फुले दिसतात. मग भिंग खाली नावावर आणावे. काळ्या शाईत वेगळ्याने छापलेल्या अक्षरांच्या कडा सलग आणि भरीव असतात. मूळ कार्ड स्कॅन करून काढलेल्या नकलेत मात्र ती काळी अक्षरेही ठिपक्यांचीच बनतात, कडा भुरभुरीत दिसतात आणि चित्रावर कधी कधी लाटांसारखी जाळी उमटते.

प्रत्येक मालिकेची छपाई सारखी नसते. म्हणून जाणकार त्याच मालिकेतले एखाद्या अपरिचित खेळाडूचे कार्ड आधी विकत घेतात. ते स्वस्तात मिळते आणि मापदंड म्हणून कायम उपयोगी पडते. कागदाची जाडी, मागच्या बाजूचा रंग, लांबी-रुंदी हे सारे त्याच्याशी ताडून पाहता येते. एखादी बाजू अर्धा मिलिमीटर कमी भरली आणि कोपरे मात्र वयाला न शोभण्याइतके धारदार असले, तर कातर चालली असल्याचा संशय घ्यावा.

अतिनील दिव्याचाही उपयोग होतो. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात मिसळली जाणारी रसायने या प्रकाशात निळसर चमकतात. युद्धपूर्व कागदात ती नव्हती, त्यामुळे १९४० पूर्वीचे म्हणून विकले जाणारे सिगारेटचे कार्ड असे चमकले तर ते नाकारावे. पन्नाशीच्या दशकानंतरच्या कार्डांना मात्र ही कसोटी एकटी पुरत नाही.

फोटोवरून घेताना मागच्या बाजूचा फोटो आणि चारही कोपऱ्यांचे जवळून काढलेले फोटो मागावेत. गोंदाचे डाग, सोललेला कागद, पेन्सिलीची खूण हे सारे मागेच असते. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर सौदा तिथेच सोडावा.

दर्जा आणि सीलबंद डबी

पीएसए, बेकेट आणि एसजीसी या अमेरिकी संस्था कार्ड तपासून त्याला कमाल १० पर्यंत गुण देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करतात. चित्र मध्यावर आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग या चार गोष्टी पाहिल्या जातात. डावा समास ३ मिलिमीटर आणि उजवा २ असेल, तर ते प्रमाण ६०-४० होते. एका गुणाच्या फरकाने किंमत कित्येक पटींनी बदलू शकते, म्हणून हे गणित स्वतः करून पाहावे.

डबी दिसली म्हणून डोळे मिटून घेऊ नये, कारण डब्यांच्याही नकला होतात. डबीवरचा प्रमाणपत्र क्रमांक संस्थेच्या नोंदीत शोधावा आणि तिथे फोटो असल्यास ठिपका न् ठिपका ताडून पाहावा. खरा क्रमांक खोट्या डबीवर छापण्याची युक्तीही वापरली जाते. डबीच्या कडांवर चिरा किंवा पांढुरके सांधे दिसले, तर ती उघडून पुन्हा चिकटवली असण्याची शक्यता असते.

भाव

विक्रेत्याने मागितलेली रक्कम म्हणजे भाव नव्हे. त्याच मालिकेतले, त्याच दर्जाचे कार्ड अलीकडे प्रत्यक्ष कितीला विकले गेले, तो खरा भाव. लिलावात बोलीवर खरेदीदाराचे अधिमूल्य चढते, ते धरूनच मर्यादा ठरवावी. महामारीच्या काळात, २०२०-२१ मध्ये कार्डांचे भाव भडकले आणि पुढे बरेचसे उतरले. ऐन तेजीत गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांना त्याची झळ बसली.

भारतातून मागवताना कुरियर, विमा, सीमाशुल्क आणि चलनबदलाचा खर्च आधीच मिळवावा. शुल्क वाचवण्यासाठी पार्सलवर किंमत कमी लिहू देऊ नये. तसे करणे बेकायदा आहे, शिवाय पार्सल हरवल्यास भरपाईचा दावाही टिकत नाही. तक्रार केल्यास रक्कम परत मिळू शकेल अशाच मार्गाने पैसे द्यावेत.

जतन

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, कार्ड वाकते आणि एकमेकांवर ठेवलेली चित्रे चिकटतात. प्रत्येक कार्ड पीव्हीसी नसलेल्या पातळ पिशवीत आणि मग ताठ आवरणात ठेवावे. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिलेली बरी. बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट, माळा आणि थेट ऊन टाळावे.

डाग खोडरबराने पुसणे, ओल्या फडक्याने साफ करणे, वाकलेल्या कार्डावर इस्त्री फिरवणे या उपायांनी नुकसानच होते. जुना अल्बम हाती लागला, तर त्यातले दिग्गजाचे चित्र सोडवून काढू नये. सोडवताना मागचा कागद फाटतो आणि अल्बमचीही किंमत जाते.

प्रत्येक कार्डाची मालिका, क्रमांक, खरेदीची तारीख, रक्कम, पावती आणि दोन्ही बाजूंचे फोटो एकत्र नोंदवून ठेवावेत. विमा उतरवताना, विकताना किंवा संग्रह वारसांच्या हाती जाताना हीच नोंद उपयोगी पडते.