अंग बाहेर येण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे

गर्भाशय अथवा मूत्राशय खाली उतरण्याच्या विकारास आपल्याकडे ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. अनेक भगिनी हे दुखणे वर्षानुवर्षे लपवितात. गोव्यात जन्मलेले व मुंबईत कीर्ती पावलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी गर्भाशय न काढता ते वर बांधून ठेवणारी शस्त्रक्रिया विकसित केली, हे येथे साभिमान नमूद करावेसे वाटते.

शस्त्रक्रियेचा खर्च ताळेबंदात येतो. त्यानंतरची घरची विश्रांती येत नाही. टाके टिकणे मात्र बरेचसे तिच्यावरच अवलंबून असते. रुग्ण काही दिवसांत घरी जाते, चालू-फिरू लागते आणि ती बरी झाली असे घरच्यांस वाटते. आतील जखम भरून येण्यास साधारण ६ आठवडे लागतात. तोवर पाण्याचा हंडा, नातवंड, गॅसचे सिलिंडर, काहीही उचलू नये. (भरलेले घरगुती सिलिंडर सुमारे ३० किलोचे असते!) मलावरोध व जुनाट खोकला हेही टाक्यांचे वैरीच. शरीरसंबंध वर्ज्य समजावा. किंचित स्राव काही आठवडे राहतो. परंतु ताप, दुर्गंधी, अधिक रक्तस्राव वा लघवी अडणे आढळल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

देहूरोड परिसरात एक प्रश्न हमखास येतो : यंदा वारी घडेल काय? तुकोबारायांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून निघते. शस्त्रक्रिया माघ-फाल्गुनात झाली असल्यास, डॉक्टरांच्या तपासणीनंतर चालण्यास बहुधा हरकत नसते. डोक्यावरचे तुळशीवृंदावन मात्र यंदा सुनेने घ्यावे.